लांबी कोणी सांगितली?

मागच्या महिन्यात या सदरात ओघात एक वाक्य लिहून गेले होते: ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररींमध्ये, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडामध्ये, गणित क्वचित चुकतं, चुकते ती मेमरी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देते आहे. सहा पत्रं घेतली आहेत, थोडी कापून. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये. निम्म्यांचे प्रश्न यातच आहेत.

प्रश्न : मी प्रोग्रामर नाही, गणित शिकवून निवृत्त झालो. ‘हार्टब्लीड’ हे नाव त्या वेळी पेपरात वाचलं होतं. ‘बफरच्या पलीकडचं वाचलं गेलं’ एवढं सांगून सगळे पुढे जातात. नेमकं काय चुकलं होतं?

उत्तर : सर, गणिताचे शिक्षक आहात म्हणजे एक बेरीज मांडली तर चालेल.

ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं गुप्त ठेवणारी पद्धत म्हणजे टीएलएस. तिच्यात २०१२ साली एक छोटी सोय आली. जोडणी अजून जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी एका बाजूने थोडा मजकूर पाठवायचा आणि दुसऱ्या बाजूने तोच जसाच्या तसा परत करायचा. हाक आणि ओ, इतकंच. या निरोपात पहिला १ बाइट प्रकार सांगतो, पुढचे २ बाइट मजकुराची लांबी सांगतात, मग मजकूर येतो आणि शेवटी किमान १६ बाइट नुसती भरती.

आता मी १ बाइटाचा मजकूर पाठवला आणि लांबीच्या जागी लिहिलं ६५,५३५. टीएलएसची प्रसिद्ध लायब्ररी ओपनएसएसएल, तिच्या १.०.१ मालिकेतला कोड ती लांबी वाचायचा, उत्तरासाठी तेवढी जागा घ्यायचा आणि माझा मजकूर ज्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीत राखलेल्या जागेत, ठेवला होता तिथपासून तेवढे बाइट उचलून उत्तरात ओतायचा. माझा मजकूर तर पहिल्याच बाइटला संपलेला. त्यापुढे सर्व्हरच्या मेमरीत जे पडलेलं असेल ते निघायचं: कोणाचा पासवर्ड, कोणाची कुकी, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्ली. एका हाकेला जवळजवळ ६४ किलोबाइट. हाका हव्या तितक्या माराव्यात, सर्व्हरच्या नोंदवहीत त्याचा मागमूस नाही.

यात मला अजूनही खटकतं ते वेगळंच. लायब्ररीला खरी लांबी ठाऊक होती. नेटवर्कवरून किती बाइटांचं रेकॉर्ड, म्हणजे टीएलएसचं एक पाकीट, आलं हा आकडा हाताशी, दुसऱ्या एका चलात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही एवढंच. ७ एप्रिल २०१४ ला जी दुरुस्ती आली तिचा गाभा तुमच्या पाचवीच्या वर्गाला समजेल असा आहे: १ अधिक २ अधिक सांगितलेली लांबी अधिक १६, ही बेरीज आलेल्या रेकॉर्डपेक्षा मोठी असेल तर निरोप मुकाट्याने टाकून द्या. आणि ज्या दस्तऐवजात ही सोय ठरवली गेली त्या आरएफसी ६५२० मध्ये, लांबी अवास्तव असेल तर निरोप टाकून द्यावा, हे आधीपासून लिहिलेलं होतं. नियम कागदावर होता, कोडात उतरला नाही.

तेव्हापासून नव्या मुलांना कोड वाचायला बसवते तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायला लावते. ही लांबी कोणी सांगितली? समोरच्याने, की आपण मोजली?

प्रश्न : ताई, मी दोन वर्षं सी लिहितो आहे. एका मुक्तस्रोत टीएलएस लायब्ररीत हातभार लावायला सुरुवात केली. मेंटेनरांनी एक काम उघडं ठेवलं आहे, त्याचं वर्णन ‘मेमरी सेफ्टी सुधारणे’, बस्स. ओळी लाखाच्या वर. मी ग्रेप (शब्द शोधायचं हत्यार) मारून सगळ्या मेमकॉपी, म्हणजे बाइट एका जागेतून दुसरीत उतरवणाऱ्या ओळी, शोधल्या, नऊशेच्या पुढे निघाल्या. प्रत्येकीच्या आधी एकेक तपासणी टाकत जाऊ का? नाहीतर सुरुवात कुठून करू?

उत्तर : नऊशे ठिकाणी नऊशे इफ टाकलेस तर चुकायच्या नऊशे जागा वाढवल्यास. शिवाय तो पॅच वाचणार कोण?

इफ टाकला म्हणजे तपासणी झाली असंही नसतं. सीमध्ये वर्षानुवर्षं लोक असं लिहीत आले: पॉइंटर (मेमरीतला पत्ता) अधिक लांबी ही बेरीज बफरच्या शेवटापलीकडे गेली तर परत फिर. वाचायला अगदी बरोबर. पण बफरच्या शेवटापलीकडे पॉइंटर नेणं हेच मुळात सी भाषेच्या नियमांबाहेरचं आहे. लांबी पुरेशी मोठी असली तर बेरीज फिरून लहानही होऊ शकते, आणि ‘असं होणारच नाही’ असं धरून कम्पायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) तो इफच उडवू शकतो. ओपनएसएसएलने २०१६ साली अशा तपासण्या ठिकठिकाणी उलट्या करून लिहिल्या: आधी शेवटातून पॉइंटर वजा करून उरलेले बाइट काढायचे, मग लांबी त्याहून मोठी आहे का ते पाहायचं. बेरीज नको, वजाबाकी हवी. एवढ्याशा फरकाला सुरक्षा दोषाचा क्रमांक मिळाला होता.

म्हणून मेमकॉपी मोजणं सोडून दे. परक्याचा बाइट सगळ्यात आधी कुठे वाचला जातो ते शोध. टीएलएस सर्व्हरसाठी ती जागा म्हणजे क्लायंट हॅलो. हा निरोप कोणीही पाठवू शकतं. ओळख पटलेली नसते, किल्ल्या ठरलेल्या नसतात. त्यात क्लायंटला कोणत्या नावाचा सर्व्हर हवा आहे हे एक छोटं नाव असतं. एक कागद घे आणि त्या नावापर्यंतचा रस्ता काढ. रेकॉर्डची लांबी २ बाइट. त्याच्या आत हँडशेक (जोडणी ठरवतानाच्या) निरोपाची लांबी ३ बाइट. त्याच्या आत आवृत्ती आणि ३२ यादृच्छिक बाइट ओलांडायचे. मग सेशन आयडी, सायफरांची यादी आणि कॉम्प्रेशनची यादी, तिघांना आपापली लांबी. मग सगळ्या एक्स्टेन्शन्सची, म्हणजे पुरवणी भागांची, मिळून लांबी २ बाइट, या एका एक्स्टेन्शनची २, आतल्या नावांच्या यादीची २, आणि शेवटी नावाची २. एकात एक बसलेल्या सहा लांब्या, वाटेत ओलांडायच्या आणखी तीन. सगळ्या समोरच्याने सांगितलेल्या, आणि आतली लांबी बाहेरच्या लांबीत मावते की नाही याची हमी कोणीच दिलेली नाही. उघड्या पॉइंटरने हा रस्ता चालणारं फंक्शन मी पाहिलं आहे. तीनशे ओळींचं होतं आणि त्यात ‘पी’ हा पॉइंटर चाळीस ठिकाणी पुढे सरकत होता. तपासण्या एकोणचाळीस होत्या.

इथे औषध एकच, आणि ते नवं नाही. पॉइंटर आणि उरलेली लांबी यांना एका छोट्या स्ट्रक्चरमध्ये एकत्र बांधायचं आणि पॉइंटरला हात लावायचा अधिकार चार-सहा फंक्शन्सनाच द्यायचा. ‘दोन बाइटांची संख्या दे’, ‘एवढे बाइट ओलांड’, ‘पुढे दोन बाइटांत लांबी आहे, तेवढा तुकडा वेगळा काढून दे’. जमलं तर यश, नाही जमलं तर अपयश, आणि अपयश आलं की निरोप नाकारायचा. ओपनएसएसएलपासून निघालेल्या बोरिंगएसएसएलमध्ये याला सीबीएस म्हणतात, ओपनएसएसएलने १.१.० मध्ये हेच पॅकेट या नावाने आणलं. खरी गंमत तिसऱ्या फंक्शनमध्ये आहे. वेगळा काढलेला तुकडा म्हणजे एक छोटी खिडकी. नाव वाचणाऱ्या कोडाच्या हातात ती आतली खिडकीच असते, त्यामुळे त्याला बाहेरचं काही दिसूच शकत नाही. सहाही लांब्या एकमेकींत मावतात की नाही ही तपासणी कोणाला लक्षात ठेवावी लागत नाही, ती आपोआप होते. शेवटी खिडकीत काही उरलं आहे का तेही विचार. उरलं असेल तर निरोप बनावट धर आणि फेक.

पॅच लहान ठेव. एका पॅचमध्ये एकच निरोप. त्याच पॅचमध्ये इंडेंटेशन सुधारायचा मोह होईल, आवर. जुनं फंक्शन लगेच पुसू नकोस. टेस्टमध्ये दोन्ही शेजारी ठेव, एकच इनपुट दोघांना दे आणि उत्तर वेगळं आलं की थांब. असे फरक निघतातच. त्यातले काही जुन्या कोडाचे बग असतात, तर काही जगभर वापरात असलेल्या एखाद्या आडमुठ्या क्लायंटसाठी मुद्दाम सोडलेली ढील. ती ढील कोणी आणि का ठेवली हे गिटच्या इतिहासात खणून पाहिल्याशिवाय काढू नकोस.

वाचन सुधारलं की मालकीकडे वळ: ही मेमरी मोकळी करायची जबाबदारी कोणाची? इथे माझी स्वतःची फजिती सांगते. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटांची साखळी वाचणाऱ्या एका फंक्शनमध्ये गळती होती, म्हणजे घेतलेली मेमरी परत होत नव्हती. मधेच चूक आढळली की फंक्शन परत फिरायचं आणि हातातलं सर्टिफिकेट तसंच राहून जायचं. मी त्या वाटेवर एक फ्री (मेमरी मोकळी करणारी ओळ) टाकला आणि काम संपलं म्हणून उठले. माझ्या ध्यानात आलं नाही की सर्टिफिकेट साखळीत ढकललं त्याच क्षणी त्याची मालकी साखळीकडे गेली होती, आणि साखळी मोडताना ती तेच सर्टिफिकेट पुन्हा मोकळं करत होती. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमधली सर्टिफिकेटं सगळी शहाणी. तिसरं सर्टिफिकेट अर्धवट तुटलेलं आलं तरच कोड त्या वाटेने जायचा. गळतीने सर्व्हर हळूहळू जड झाला असता; डबल फ्रीने हल्लेखोराला दार मिळालं. म्हणजे किरकोळ दोष काढून मी गंभीर दोष बसवला होता.

ओपनएसएसएलच्या फंक्शनांच्या नावांत ‘गेट-शून्य’ आणि ‘गेट-एक’ असे आकडे दिसतात ते याचसाठी. शून्य म्हणजे नुसतं पाहायला दिलं, मोकळं करू नकोस. एक म्हणजे तुझी वेगळी प्रत किंवा वेगळा हक्क, मोकळं करणं तुझ्याकडे. ‘सेट’मध्ये शून्य म्हणजे मालकी आत गेली. रूक्ष आहे, पण ओळ वाचतानाच मालक कळतो. तुमच्या लायब्ररीत असा संकेत नसेल तर आधी तो ठरवून घ्या, मग फ्रीला हात लावा.

रीअलॉकजवळ (बफर लहानमोठा करणारं फंक्शन) दोनदा थांब. २२ सप्टेंबर २०१६ ला ओपनएसएसएलने एक मामुली दोष दुरुस्त केला: मोठा निरोप येणार असं नुसतं सांगितलं तरी भरमसाट मेमरी राखली जात होती. दुरुस्ती अशी की बफर गरजेप्रमाणे वाढवायचा. सोळा किलोबाइटांहून मोठा निरोप आला की बफर वाढताना दुसऱ्या जागी हलायचा, आणि जुन्या जागेकडे पाहणारा एक पॉइंटर तसाच राहायचा. चार दिवसांत, २६ तारखेला, पुन्हा आवृत्ती काढावी लागली, या वेळी दोषाची श्रेणी ‘क्रिटिकल’. अनुभवी माणसांच्या हातून हे झालं.

आणि लायब्ररीने स्वतःचा मेमरी अलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा कोड, लिहिला असेल तर तो काढायचा प्रस्ताव मांड. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलमध्ये असा एक होता, मोकळे झालेले बफर स्वतःकडेच ठेवणारा. त्यामुळे सिस्टिमच्या अलोकेटरमधली संरक्षणं निकामी व्हायची. तो बंद करून पाहिला तेव्हा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींना आढळलं की एका ठिकाणी कोड बफर मोकळा करून लगेच पुन्हा मागतो आणि आतला जुना मजकूर तसाच मिळेल यावर विसंबून राहतो. दोष इतकी वर्षं झाकला कोणी, तर त्या अलोकेटरनेच.

बिगनम (मोठ्या संख्यांचं गणित) आणि असेंब्लीच्या (यंत्राच्या अगदी जवळची भाषा) फाइलींना सध्या हात लावू नकोस. तिथे लांब्या बहुतेक आपणच मोजलेल्या असतात.

प्रश्न : आमच्या लायब्ररीवर फझर (वेडंवाकडं इनपुट देत राहणारं हत्यार) तीन आठवडे चालू आहे. एकही क्रॅश नाही. पार्सर (निरोप वाचणारा कोड) सुरक्षित आहे असं रिलीज नोटमध्ये लिहू शकतो का?

उत्तर : लिहू नका.

मोझिलाच्या एनएसएस लायब्ररीत डिसेंबर २०२१ मध्ये एक दोष जाहीर झाला. सर्टिफिकेटवरची सही तपासण्याआधी ती एका ठरावीक आकाराच्या जागेत उतरवली जायची. जागा २,०४८ बाइटांची, म्हणजे १६,३८४ बिटांच्या सहीपुरती. त्याहून मोठी सही दिली की ती सांडायची आणि शेजारी ठेवलेले पॉइंटर पुसून टाकायची. साधी मेमकॉपी, आधी तपासणी नाही, २०१२ पासून तशीच. आणि एनएसएस काही बेवारस लायब्ररी नव्हे. तिथे फझिंग चालू होतं, माणसं पगारावर होती. पण प्रत्येक तुकडा सुटा सुटा फझ होत होता. सर्टिफिकेट वाचणारा कोड तपासला जायचा, सही तपासणारा कोडही, पण वाचलेल्या सर्टिफिकेटमधली विचित्र किल्ली पुढे सहीच्या कोडापर्यंत पोचतच नव्हती. इनपुटच्या आकारालाही १०,००० बाइटांची मर्यादा घातलेली होती, आणि तिला ठोस कारण काही नव्हतं.

कूटलेखनाच्या कोडात आणखी एक अडचण असते. फझर बाइट उलटेपालटे करतो आणि पहिल्याच दारावर अखंडतेची (मजकूर वाटेत बदलला का याची) तपासणी त्याला हाकलून देते. तीन आठवडे तुमचा फझर कदाचित त्या दाराबाहेर उभा असेल. फझिंगसाठी वेगळा बिल्ड करा, ज्यात ती तपासणी नेहमी पास होते आणि यादृच्छिक संख्या दर वेळी त्याच येतात. (हा बिल्ड चुकून बाहेर जाणार नाही याची तजवीज आधी करा.) अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं हत्यार) लावूनच चालवा, त्याशिवाय दोन-चार बाइटांचा ओव्हररीड क्रॅश होत नाही, नुसता घडून जातो.

मग एक जुना, दुरुस्त केलेला बग मुद्दाम परत घाला आणि घड्याळ लावा. तुमच्या फझरला तो सापडला नाही, तर तीन आठवड्यांचा अर्थ तुम्हाला कळेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पात व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं हत्यार) चालवलं तर यादृच्छिक संख्यांच्या कोडात ‘मूल्य न दिलेली मेमरी वापरली’ अशा खूप तक्रारी येतात. ती ओळ कॉमेंट केली (चालणार नाही अशी केली) की तक्रारी बंद होतात आणि प्रोग्राम व्यवस्थित चालतो. असं केलं तर चालेल?

उत्तर : अगं, थांब! हीच ओळ, हेच हत्यार, आणि हाच विचार याआधी एकदा होऊन गेला आहे.

२००६ साली डेबियन या लिनक्स सिस्टिममध्ये ओपनएसएसएलचं पॅकेज बांधताना व्हॅलग्राइंडने अशीच तक्रार केली. कोडात दोन ठिकाणी अगदी सारखी दिसणारी ओळ होती, दोन्ही बफरमधले बाइट यादृच्छिकतेच्या साठ्यात मिसळणाऱ्या. त्यातल्या एका ठिकाणी बफरमध्ये खरोखरच रिकामी, मूल्य न दिलेली मेमरी असायची. ती मिसळली काय, न मिसळली काय, फरक पडत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मात्र त्याच ओळीतून ऑपरेटिंग सिस्टिमकडून आणलेली सगळी खरी यादृच्छिकता साठ्यात जात होती. दोन्ही ओळी कॉमेंट झाल्या. व्हॅलग्राइंड शांत झालं. साठ्यात उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता ३२,७६८. जवळजवळ दोन वर्षं डेबियन आणि त्यावर आधारलेल्या सिस्टिमवर बनलेल्या एसएसएच आणि टीएलएस किल्ल्या या एवढ्याशा यादीतून येत होत्या. मे २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा नुसता पॅच लावून भागलं नाही, किल्ल्या शोधून बदलाव्या लागल्या.

आणि तो प्रोग्रामही ‘व्यवस्थित’ चालत होता. किल्ल्या बनत होत्या, सह्या जुळत होत्या. यादृच्छिकता गेली तर टेस्ट लाल होत नाही.

तुझ्या बाबतीत: तक्रार ज्या बाइटांबद्दल आहे ते आले कुठून हे व्हॅलग्राइंडलाच विचार, मूळ दाखवायचा पर्याय त्यात आहे. बफर खरंच रिकामा असेल तर मिसळणं काढू नकोस, बफरला आधी शून्य भर. काही न कळता एखादी ओळ घालवायचीच वेळ आली, तर ज्याने लायब्ररी लिहिली त्याला पॅच दाखव आणि त्यात ‘वॉर्निंग जाते’ एवढंच लिहू नकोस, ही ओळ काय करते ते तुझ्या शब्दांत लिही. लिहिता आलं नाही तर ओळ राहू दे.

प्रश्न : आमच्याकडे किल्ली वापरून झाली की मेमसेटने शून्य करतो. ऑडिटरने त्यावर लाल शेरा मारला. शून्य करणं चूक कसं?

उत्तर : शून्य करणं चूक नाही. ते होतच नाही, हा शेरा आहे.

मी स्वतः यात तोंडावर पडले आहे. हँडशेकच्या एका फंक्शनमध्ये ४८ बाइटांचा प्रीमास्टर सीक्रेट (ज्यातून पुढच्या किल्ल्या बनतात ते गुपित) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवलेला होता. काम झालं की शेवटच्या ओळीत मेमसेट, मग रिटर्न. डीबगरमध्ये मी स्वतः पाहिलं होतं, शून्यं भरत होती. काही महिन्यांनी एक सहकारी रिलीज बिल्डचा कोअर डंप (प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) घेऊन आला. त्याने एकापाठोपाठ तीन आणि तीन असे दोन बाइट आणि पुढे ४६ बाइट विस्कळीत कचरा, असा साचा शोधला होता. टीएलएस १.२ मधला आरएसए प्रीमास्टर अगदी असाच सुरू होतो, पहिल्या दोन बाइटांत आवृत्ती असते. किल्ली जशीच्या तशी बसलेली. आम्ही असेंब्ली काढली. फंक्शनच्या शेवटी जिथे मेमसेट असायला हवा तिथे काहीच नव्हतं. स्टॅक पॉइंटर सरकतो आणि सरळ रिटर्न. कम्पायलरच्या दृष्टीने त्या बफरकडे यापुढे कोणी पाहणार नव्हतं, मग त्यात लिहायचं कशाला? त्याचं बरोबरच होतं. माझ्या डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद होतं म्हणून मला शून्यं दिसली.

कम्पायलरला उडवता येणार नाही असंच फंक्शन वापरा: ओपनएसएसएलमध्ये क्लेन्स, बीएसडी आणि ग्लिबसीमध्ये एक्स्प्लिसिट बीझीरो, विंडोजवर सिक्युअर झीरो मेमरी, सी-२३ मध्ये मेमसेट एक्स्प्लिसिट प्रमाण भाषेतच आलं आहे. बदल केल्यावर रिलीज बिल्डचीच असेंब्ली पाहा.

आणि शून्य करण्याआधी प्रती मोजा. किल्ली असलेला बफर रीअलॉकने वाढवला असेल तर जुनी प्रत जुन्या जागी राहते, तिचा पत्ताही तुमच्याकडे उरत नाही. अशा बफरला नवी जागा घेऊन, कॉपी करून, जुनी पुसून मगच सोडायचं. चुकीच्या वाटेवरून होणारे लवकरचे रिटर्नही पाहा. शेवटच्या ओळीतला क्लेन्स तिथून जाणाऱ्याला भेटतच नाही.

प्रश्न : आमच्या टीमने पार्सर रस्ट या भाषेत लिहायचं ठरवलं आहे. व्यवस्थापन विचारतं, जुने लोक सी नीट लिहू शकत नाहीत का? आणि रस्ट केलं की हा विषय संपला ना?

उत्तर : पहिल्या प्रश्नासाठी हे उदाहरण दाखवा. हार्टब्लीडला सात वर्षं उलटल्यावर, सप्टेंबर २०२१ मध्ये, ओपनएसएसएल ३.० आलं. त्यात सर्टिफिकेटमधल्या ईमेल पत्त्यांसाठी प्युनिकोड (इतर लिपींतली नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडणारा नवा कोड होता. जागा भरली का हे पाहणाऱ्या तपासणीत ‘मोठं किंवा समान’ हवं होतं तिथे नुसतं ‘मोठं’ लिहिलं गेलं. एका घराचा फरक, आणि ४ बाइट बफरबाहेर. १ नोव्हेंबर २०२२ ला दुरुस्ती आली. हा कोड लिहिणाऱ्यांना हार्टब्लीड माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे दर वर्षी क्रमांक मिळणाऱ्या सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे असतात. तिथे सी येत नाही म्हणून असं होतं, हे मला पटत नाही.

रस्टमध्ये स्लाइस (बाइटांचा तुकडा) स्वतःची लांबी घेऊनच फिरते, म्हणजे वर त्या मुलाला जे हाताने बांधायला सांगितलं ते भाषेतच आहे. तिथे हार्टब्लीडचा कोड लिहिला असता तर प्रोग्राम थांबला असता, किल्ल्या बाहेर गेल्या नसत्या. थांबणंही सर्व्हरला परवडत नाही, तेव्हा परक्या लांबीने थेट इंडेक्स करू नका; तुकडा मागा आणि ‘नाही’ हे उत्तर हाताळा.

विषय मात्र संपत नाही. रस्टल्ससारखी लायब्ररी प्रोटोकॉल रस्टमध्ये हाताळते, पण खालचं कूटलेखन बरंचसं सी आणि असेंब्लीतच असतं, वेगासाठी आणि दर वेळी सारखाच वेळ लागावा म्हणून. किल्ली पुसायचा प्रश्नही तसाच राहतो. रस्टमध्ये मूल्य एकीकडून दुसरीकडे गेलं की जुन्या जागचे बाइट कोणी पुसत नाही, त्यासाठी झीरोइझ नावाची वेगळी लायब्ररी लागते. आणि तुमचा नवा पार्सर जुन्या सी कोडाला जोडताना सी तुम्हाला पॉइंटर एकीकडे आणि लांबी दुसरीकडे अशी देणार. त्यांची स्लाइस बनवणारी ओळ अनसेफ असते, आणि त्या ओळीत रस्ट तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं.

त्या ओळी सगळ्या एका फाइलमध्ये आणा. ती फाइल रस्ट येणाऱ्याने आणि जुना सी कोड लिहिणाऱ्याने शेजारी बसून वाचावी. लांबी साइन्ड इंटमधून येते की साइझ-टीमधून, ती ऋण असू शकते का, पॉइंटर नल असताना लांबी शून्यच असते का, हे जुन्या माणसाला तोंडपाठ असतं आणि कुठेच लिहिलेलं नसतं. व्यवस्थापन ज्यांच्याबद्दल विचारतं आहे त्यांना त्या आठवड्यात रजा देऊ नका.